फिनिश–स्पॅनिश दुभाषा हवाय, तोही पेटंटच्या खटल्यासाठी: शोध कुठून सुरू करायचा

मी फिनलंडमध्ये एस्पोला एका यंत्र बनवणाऱ्या कंपनीत पेटंटच्या फायली सांभाळते. आमच्या एका पेटंटवरून स्पेनमध्ये खटला उभा राहिला. सुनावणी बार्सिलोनाच्या व्यापारी न्यायालयात होणार होती आणि आमच्या संशोधकाला साक्षीसाठी बोलावणं आलं. तो फिनिशमध्ये बोलणार आणि न्यायाधीश स्पॅनिशमध्ये ऐकणार. "तू सगळ्यांशी इंग्रजीत बोलतेस, दुभाष्याचं तूच बघ," असं म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मला फिनिश रोजच्या व्यवहारापुरतं येतं, स्पॅनिश येत नाही. फिनलंड किंवा स्पेनमध्ये नोकरी करणाऱ्या मराठी माणसांवर अशी जबाबदारी बऱ्याचदा येते, कारण दोन्ही बाजूंशी इंग्रजीत बोलणारे आपणच असतो. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

उत्तम फिनिश, उत्तम स्पॅनिश आणि बौद्धिक संपदा कायद्याची जाण, या तिन्ही गोष्टी असलेला माणूस तयार मिळेल या आशेवर माझे पहिले तीन आठवडे गेले. फिनलंडची लोकसंख्या साधारण ५६ लाख. त्यात स्पॅनिशमधून व्यावसायिक दुभाषेपणा करणारे थोडे, त्यात न्यायालयाची सवय असलेले आणखी थोडे. पुढे पेटंटची अट घातली की यादीत एखाददुसरं नाव उरतं, आणि त्या तारखेला ते मोकळं नसतं. शेवटी उपयोगी पडला तो क्रम असा: भाषा आणि न्यायालयाची सवय या दोन गोष्टी असलेला माणूस निवडायचा, पेटंटचा विषय आपण त्याला तयारीतून पुरवायचा आणि त्या तयारीचे पैसे द्यायचे. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

१. दुभाषा हवा की अनुवादक, आणि काम कुठे आहे?

दुभाषा बोलतो आणि अनुवादक लिहितो. परवाने वेगळे, दर वेगळे, बहुतेक वेळा माणसंही वेगळी. आपल्या बोलण्यात 'ट्रान्सलेटर' हा एकच शब्द दोघांसाठी चालतो, तिथूनच गोंधळाला सुरुवात होते.

तुमचं काम कुठे चाललंय त्यावर बरंच अवलंबून आहे.

स्पेनच्या न्यायालयात साक्ष असेल तर दुभाषा लागतोच. तिथल्या दिवाणी प्रक्रिया कायद्याच्या कलम १४३ नुसार ती भाषा जाणणाऱ्या कुणालाही शपथ देऊन दुभाषा म्हणून नेमता येतं. म्हणजे चांगला माणूस आपोआप मिळेल याची खात्री कायदा देत नाही. आपला माणूस आपणच वेळेत सुचवायचा आणि त्याची सोय स्पॅनिश वकिलामार्फत न्यायालयाशी बोलून करायची. कागदपत्रांसाठी कलम १४४ आहे. परभाषेतल्या कागदाला अनुवाद जोडावा लागतो. खाजगी अनुवाद चालतो, पण समोरच्या पक्षाने ५ दिवसांत त्यावर हरकत घेतली तर अधिकृत अनुवाद करून घ्यावा लागतो.

उलटी बाजू, म्हणजे स्पॅनिश साक्षीदार फिनलंडमध्ये. पेटंट, ट्रेडमार्क, कॉपीराइटचे दिवाणी खटले २०१३ च्या सप्टेंबरपासून हेलसिंकीच्या मार्क्किनाओइकेउस या बाजार न्यायालयात एकवटले आहेत. दिवाणी प्रकरणात दुभाष्याची सोय आणि खर्च सहसा ज्या पक्षाला दुभाषा हवा त्यानेच करायचा असतो.

युरोपियन पेटंट ऑफिसच्या कामकाजाच्या भाषा इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन. तिथे फिनिश किंवा स्पॅनिशमध्ये बोलायचं असेल तर दुभाषा आपण आणायचा. स्पेनमधल्या आलिकांतेच्या युरोपीय संघ बौद्धिक संपदा कार्यालयाच्या पाच भाषांमध्ये स्पॅनिश आहे, फिनिश नाही. पण तिथलं काम जवळजवळ सगळं कागदावर चालतं, तेव्हा तिथे अनुवादकच शोधा.

युनिफाइड पेटंट कोर्ट म्हणजे युरोपीय संघातल्या काही देशांनी करार करून उभं केलेलं पेटंटचं सामाईक न्यायालय. त्याचं स्थानिक पीठ हेलसिंकीत आहे. मात्र स्पेन त्या करारात नाही, त्यामुळे युरोपियन पेटंटच्या स्पेनमध्ये लागू असलेल्या भागाचा वाद सहसा स्पेनमध्येच लढावा लागतो. फिनिश–स्पॅनिश जोडीची गरज पडते ती मुख्यतः यामुळेच.

२. साक्षीदाराला त्याची भाषा विचारा

हे आम्ही विचारलंच नव्हतं, सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. फिनलंडमध्ये साधारण ५ टक्के लोकांची मातृभाषा स्वीडिश आहे. पश्चिम किनाऱ्यावर वासाच्या आसपास तर अख्खी गावं स्वीडिश बोलतात. तुमचा संशोधक तिथला असेल तर स्वीडिश–स्पॅनिश दुभाषा शोधा, तो त्या मानाने लवकर मिळतो.

"त्याला इंग्रजी येतं की, इंग्रजीतच साक्ष देऊ दे," असंही कुणीतरी सुचवेलच. इंग्रजी–स्पॅनिश दुभाषे पुष्कळ आहेत आणि त्यांतले काही पेटंटचं काम रोज करतात, त्यामुळे सूचना वाईट नाही. पण सभेत छान इंग्रजी बोलणारा माणूस उलटतपासणीत शब्द शोधायला लागला की खोटं बोलत असल्यासारखा दिसतो. माझं मत विचाराल तर तांत्रिक तज्ज्ञाने इंग्रजीत बोलायला हरकत नाही. "हे तुम्ही कधी, कसं शोधलंत?" याचं उत्तर ज्याला द्यायचं आहे, त्याने मात्र मातृभाषेत बोलावं.

आणखी एक. 'फिनिशमधून स्पॅनिशमध्ये' असं आपण म्हणतो ते उत्तरांपुरतं. प्रश्न स्पॅनिशमधून फिनिशमध्ये यावे लागतात. दोन्ही दिशांना काम करणारा माणूस हवा, हे पहिल्याच पत्रात स्पष्ट लिहा.

३. आधी कॅलेंडर उघडा

जुलैमध्ये फिनलंड सुट्टीवर असतो. ऑगस्टमध्ये स्पेनची न्यायालयं तातडीची कामं सोडून बंद असतात. २४ डिसेंबर ते ६ जानेवारी हे दिवसही स्पेनमध्ये न्यायालयीन कामाचे धरत नाहीत. म्हणजे सप्टेंबरची तारीख मिळाली असेल तर दुभाषा जूनच्या मध्यापर्यंत पक्का व्हायला हवा, कारण जूनच्या उत्तरार्धातल्या युहान्नुसच्या सणानंतर फिनलंडमधून ईमेलचं उत्तर येणं अवघड.

तारखा कळवताना आठवड्याचा क्रमांक वापरू नका. फिनिश लोक सहज "आठवडा ३७" म्हणतात आणि स्पॅनिश वकील ते ऐकून गोंधळतो. व्हिडिओवरून बैठक असेल तर दोन्हीकडची वेळ लिहा, हेलसिंकी माद्रिदच्या एक तास पुढे आहे.

४. शोध नेमका कुठे घ्यायचा?

मी ज्या क्रमाने शोधायला हवं होतं, तो क्रम देते.

पहिली जागा फिनलंडचं न्यायालयीन दुभाष्यांचं रजिस्टर, ओइकेउस्तुल्क्कीरेकिस्तेरी. ते २०१६ पासून आहे आणि फिनलंडचं राष्ट्रीय शिक्षण मंडळ, म्हणजे ओपेतुसहल्लितुस, ते सांभाळतं. न्यायालयीन दुभाषेपणाची ठरावीक पात्रता मिळवलेल्यांनाच त्यात नाव घालता येतं. भाषेनुसार शोधता येतं आणि शोध फुकट आहे. तीन आठवडे एजन्सींना ईमेल पाठवत बसण्याऐवजी मी पहिल्या दिवशी हे उघडायला हवं होतं.

याच मंडळाकडे अधिकृत अनुवादकांची वेगळी यादी आहे. त्यांना आउक्तोरिसोइतू कॅन्तॅया म्हणतात. कागदांसाठी ती उत्तम आहे, पण तो परवाना लेखी कामाचा आणि ठरावीक दिशेचा असतो. त्या यादीतल्या माणसाला सरळ साक्षीसाठी बोलावू नका.

स्पेनमध्ये परराष्ट्र मंत्रालय त्रादुक्तोर-इन्तेरप्रेते खुरादो, म्हणजे शपथबद्ध अनुवादक-दुभाषे नेमतं आणि त्यांची भाषावार यादी प्रसिद्ध करतं. त्यात फिनिश 'फिनेस' या नावाखाली शोधा. पदवीच्या नावात 'अनुवादक' आणि 'दुभाषा' दोन्ही आहेत, म्हणून लोक फसतात. यादीतले कित्येक जण वर्षानुवर्षं फक्त लेखी काम करत असतात. "गेल्या दोन वर्षांत न्यायालयात किती वेळा उभे राहिलात?" हा प्रश्न विचाराच.

त्यानंतर संघटना. फिनलंडमध्ये अनुवादक आणि दुभाष्यांचा संघ एसकेटीएल १९५५ पासून आहे. स्पेनमध्ये न्यायालयीन आणि शपथबद्ध दुभाष्यांची आप्तिख ही संघटना आहे. परिषद-दुभाष्यांची जागतिक संघटना एआयआयसी १९५३ पासून आहे आणि तिच्या सभासद-सूचीत प्रत्येकाच्या भाषा ए, बी, सी अशा दिलेल्या असतात. ए म्हणजे मातृभाषा. बी म्हणजे जिच्यात तो बोलू शकतो अशी दुसरी भाषा. सी म्हणजे फक्त समजते, तिच्यात तो बोलणार नाही. तुम्हाला एक ए आणि एक बी हवी. फिनिश ए आणि स्पॅनिश सी असलेला माणूस तुमच्या साक्षीदाराची उत्तरं स्पॅनिशमध्ये देऊ शकणार नाही, मग त्याची कारकीर्द कितीही मोठी असो. युरोपीय संस्थांमध्ये काम करणारे फिनिश दुभाषे इथे सापडतात. पेटंट नसलं तरी त्यांना कायद्याची भाषा सवयीची असते.

शोधताना एक शब्द चुकला तर सगळा शोध भरकटतो. आपण 'बौद्धिक संपदा' म्हणजे पेटंट, ट्रेडमार्क, कॉपीराइट सगळं एकत्र धरतो. फिनिशमध्येही 'इम्मातेरिआलिओइकेउस' या एका शब्दात ते सगळं येतं. स्पेनमध्ये मात्र 'प्रोपिएदाद इन्तेलेक्तुआल' म्हणजे मुख्यतः लेखक-कलावंतांचे हक्क. पेटंट, ट्रेडमार्क आणि डिझाइन 'प्रोपिएदाद इन्दुस्त्रिआल'मध्ये मोडतात. मी पहिला शब्द वापरून विचारत राहिले आणि मला संगीत, पुस्तकांच्या करारांत मुरलेल्या लोकांची नावं मिळत गेली. ती माणसं चांगलीच होती, पण माझ्या कामाची नव्हती.

अजून एक सापळा म्हणजे फुएन्खिरोला. स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या या गावात फिनिश लोकांची मोठी वस्ती आहे, त्यांची शाळाही आहे. त्यामुळे फिनिश–स्पॅनिश दुभाषा म्हटलं की लोक लगेच तिथलं नाव सुचवतात. डॉक्टरकडे जाणं, घराची खरेदी, नोटरी, बँक यांत ती मंडळी तरबेज आहेत. त्यांच्यातच शपथबद्ध दुभाषेही सापडतील. पण घरखरेदीचा अनुभव पेटंटच्या उलटतपासणीला पुरत नाही, तेव्हा तिथल्या नावालाही पुढची परीक्षा लावा.

५. पहिल्या पत्रात काय लिहायचं आणि काय नाही

पहिल्या पत्रात फाइल पाठवू नका. फक्त तारीख, ठिकाण, भाषा आणि दिशा, साधारण विषय आणि दोन्ही पक्षांची नावं एवढंच लिहा. नावं यासाठी की ही जोडी इतकी दुर्मीळ आहे की समोरच्या पक्षाने त्याच माणसाला आधी विचारलेलं असू शकतं. हितसंबंध आड येतात का, हे त्याला आधी सांगू द्या.

मग गोपनीयतेचा करार, आणि त्यावर सही झाल्यावरच कागद. पेटंटच्या बाबतीत हा केवळ शिष्टाचार नाही. पेटंट अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. युरोपात एखादा शोध अर्जाआधी गुप्ततेच्या बंधनाविना बाहेर गेला तर त्याचं नावीन्यच संपू शकतं. त्यामुळे अजून अर्ज न केलेली सुधारणा एखाद्या आराखड्यात दिसत असेल तर तो आराखडा कराराशिवाय कुणाकडेच जाता कामा नये. करारात एक वाक्य आवर्जून घाला: तयारीसाठी कुठलाही मजकूर इंटरनेटवरच्या फुकट भाषांतर-साधनांत टाकायचा नाही.

६. आपल्याला दोन्ही भाषा येत नाहीत, मग परीक्षा कशी घ्यायची?

माझी सगळ्यात मोठी चिंता हीच होती. आता करते ती पद्धत सांगते.

वीस मिनिटांचा व्हिडिओ कॉल ठेवा. एका बाजूला फिनिश सहकारी, दुसऱ्या बाजूला स्पॅनिश वकील. सहकाऱ्याने एखाद्या जुन्या, प्रसिद्ध झालेल्या पेटंटबद्दल दोन-दोन मिनिटं बोलायचं. असं पेटंट एस्पासनेट या पेटंटच्या ऑनलाइन संग्रहात फुकट मिळतं. वकिलाने ऐकलेलं इंग्रजीत लिहून काढायचं. मग सहकारी काय बोलला आणि वकिलाने काय लिहिलं, ते शेजारी ठेवून बघा. भाषा न येताही कुठे गळती झाली ते तुम्हाला दिसतं. चांगला दुभाषा याला नाही म्हणत नाही, पण या वीस मिनिटांचे पैसे द्या.

सहकाऱ्याच्या बोलण्यात खालचे शब्द मुद्दाम पेरा. हे सगळे असे आहेत की रोजच्या फिनिशमध्ये एक अर्थ आणि पेटंटच्या कामात दुसरा.

*वॅइते.* रोजच्या भाषेत म्हणणं, विधान. पेटंटच्या प्रक्रियेत मात्र औपचारिक हरकत, स्पॅनिशमध्ये 'ओपोसिथिओन'. आपल्याकडे 'दावा' शब्दाचं असंच आहे, कोर्टात लावतात तोही दावा आणि "त्याचा दावा असा की" यातलाही दावा. आमच्या पहिल्या तयारी-बैठकीला आलेल्या माणसाने वॅइतेचा अर्थ 'विधान' असा लावला. त्यामुळे अर्धा तास स्पॅनिश वकील समजत होते की प्रतिस्पर्धी कंपनी नुसतं काहीतरी म्हणाली आहे. प्रत्यक्षात त्या कंपनीने पेटंटविरुद्ध रीतसर हरकत दाखल केली होती, आणि पुढची सगळी चर्चा त्यावरच अवलंबून होती.

*वातिमुस.* एरवी मागणी किंवा अट. पेटंटात 'पातेन्तीवातिमुस' म्हणजे पेटंटच्या संरक्षणाची हद्द ठरवणारी कलमं, स्पॅनिश 'रेइविंदिकाथिओन'. बोलताना फिनिश संशोधक नुसतं 'वातिमुस युक्सी' म्हणतो. ते 'पहिली अट' असं उतरलं तर ऐकणाऱ्याला पेटंटचं पहिलं कलम डोळ्यांपुढे येत नाही.

*एतुओइकेउस.* एरवी विशेषाधिकार. इथे अग्रक्रम, 'प्रिओरिदाद'. पहिल्या अर्जानंतर १२ महिन्यांच्या आत दुसऱ्या देशात अर्ज करताना जो हक्क मिळतो तो. सगळा खटला कधी कधी या एका तारखेवर उभा असतो.

*माल्ली.* म्हणजे नमुना. पण 'माल्लिओइकेउस' हा डिझाइनचा हक्क आणि 'ह्युओदुल्लिस्यूस्माल्ली' म्हणजे युटिलिटी मॉडेल, पेटंटचं धाकटं भावंड. स्पॅनिशमध्ये युटिलिटी मॉडेलला 'मोदेलो दे उतिलिदाद' आणि डिझाइनला 'दिसेन्यो इन्दुस्त्रिआल' म्हणतात. घाईत 'माल्ली'ला नुसतं 'मोदेलो' म्हटलं की डिझाइनचा हक्क युटिलिटी मॉडेल होऊन बसतो.

*तोइमिनिमी.* कंपनीचं व्यापारी नोंदणीतलं नाव. बोलीत मात्र एकट्याने व्यवसाय करणाऱ्यालाही हाच शब्द. स्पॅनिशमध्ये कंपनीचं अधिकृत नाव वेगळं आणि 'नोम्ब्रे कोमेर्थिआल' हे स्वतंत्रपणे नोंदवायचं चिन्ह वेगळं. ट्रेडमार्कच्या वादात हा शब्द हमखास येतो, आणि दुभाष्याने इथे थांबून "कोणत्या अर्थाने?" असं विचारलं तर तो तुमचा माणूस समजा.

शब्दांइतकीच व्याकरणाची परीक्षा घ्या. फिनिशमध्ये 'तो' आणि 'ती' दोन्हींसाठी 'हॅन' हा एकच शब्द आहे. स्पॅनिश मात्र आपल्या मराठीसारखी पदोपदी लिंग विचारते. शोध नेमका कोणाचा, असा वाद असेल आणि गटात स्त्री-पुरुष दोघेही असतील, तर दुभाष्याने अंदाज बांधणं धोक्याचं. तसंच 'तेहतीन' या रूपाचा नियमाने अर्थ 'करण्यात आलं' असा, कर्ता न सांगता. पण रोजच्या बोलण्यात 'मे तेहतीन' म्हणजे 'आम्ही केलं'. कोणी केलं, हाच जिथे प्रश्न आहे तिथे हा फरक कानात पकडता यायला हवा.

'मुइस्ताक्सेनी' हा एक शब्दही पेरा. अर्थ: मला आठवतं त्याप्रमाणे. एका शब्दात एवढं सगळं आहे आणि तो वाक्यात पटकन निसटतो. तो गळला तर साक्षीदाराची शंका स्पॅनिशमध्ये ठाम विधान होऊन नोंदली जाते, आणि तीन प्रश्नांनंतर समोरचा वकील त्याला त्याच विधानावर पकडतो. माझ्या दृष्टीने या कॉलमधली सर्वांत महत्त्वाची कसोटी ही आहे. पेटंटचा शब्द माहीत नसेल तर तो शिकवता येतो. अर्धवट खात्रीचं वाक्य अर्धवट खात्रीचंच पोचवणं ही सवय असते, ती आठवड्याभरात लागत नाही.

७. थेट जोडी मिळालीच नाही तर

मग मधली भाषा. एक दुभाषा फिनिशमधून इंग्रजीत आणि दुसरा इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये. याला रिले म्हणतात, युरोपीय संसदेत हे रोज चालतं. दुसरा माणूस पेटंटमध्ये मुरलेला मिळू शकतो, हा फायदा. वेळ जास्त लागतो आणि चूक दोनदा होऊ शकते, हा तोटा. न्यायालयाला आणि समोरच्या पक्षाला हे आधी कळवणं वकिलावर सोपवा, ऐनवेळी सांगितलंत तर हरकत येईल.

रिलेत आकडे सांभाळा. फिनिश 'मिल्यार्दी' म्हणजे एक अब्ज. इंग्रजीत ते 'बिलियन' होतं. पण स्पॅनिश 'बिय्योन' म्हणजे एक लाख कोटी, हजार पट जास्त. नुकसानभरपाईचे आकडे लिहून समोर ठेवा. वेळेचंही तसंच. फिनिश 'पुओली कोल्मे' शब्दशः 'अर्धे तीन', म्हणजे आपले अडीच. इंग्रजीतून जाताना ते साडेतीन झालेलं मी ऐकलं आहे.

दुसरा मार्ग असा की साक्षीदाराने स्पेनला न जाता फिनलंडच्या न्यायालयातून व्हिडिओवर साक्ष द्यायची. एका सदस्य देशातून दुसऱ्यात पुरावा घेण्याचा युरोपीय संघाचा २०२०/१७८३ हा नियम १ जुलै २०२२ पासून लागू आहे आणि त्यात ही सोय आहे. दुभाषा साक्षीदाराच्या शेजारी बसू शकला तर अर्धं दडपण कमी होतं. मात्र विनंतीला वेळ लागतो, तेव्हा हा विचार पहिल्याच महिन्यात करा.

बार्सिलोनात काम असेल तर आणखी एक बघा. तिथे कातालान हीसुद्धा अधिकृत भाषा आहे. काही कागद किंवा युक्तिवादाचा काही भाग त्या भाषेत येणार का, हे वकिलाला विचारा आणि दुभाष्याला कळवा.

८. दुभाष्याला द्यायची कागदपत्रं

सुनावणीच्या किमान तीन आठवडे आधी, करारावर सही झाल्यावर:

- पेटंटचा प्रसिद्ध झालेला मजकूर, फिनिश आणि स्पॅनिश दोन्हीत असेल तर दोन्ही. युरोपियन पेटंट स्पेनमध्ये लागू करताना स्पॅनिश अनुवाद द्यावाच लागतो, म्हणजे तो तयार असतो. त्यातलेच शब्द वापरायला सांगा
- दाव्याचा अर्ज आणि त्यावरचं उत्तर
- साक्षीदाराचं आधी दिलेलं लेखी निवेदन
- यंत्राची चित्रं, भागांच्या क्रमांकांसह
- प्रकरणातल्या सगळ्या माणसांची नावं, हुद्दा आणि प्रत्येकाचं लिंग (ते 'हॅन'मुळे)
- तारखांचा क्रम एका पानावर
- त्रिभाषी शब्दसूची: फिनिश, स्पॅनिश, इंग्रजी

शब्दसूची तुम्हीच सुरू करा, भाषा येत नसली तरी जमतं. युर-लेक्स या युरोपीय संघाच्या कायद्यांच्या संकेतस्थळावर युरोपीय कायदे दोन भाषांत शेजारी-शेजारी उघडता येतात. बौद्धिक संपदेच्या अंमलबजावणीचा २००४/४८ हा निर्देश, व्यापारी गुपितांचा २०१६/९४३ हा निर्देश आणि युरोपीय ट्रेडमार्कचा २०१७/१००१ हा नियम फिनिश आणि स्पॅनिशमध्ये उघडा. कलमांचे क्रमांक तेच असतात, त्यामुळे कोणता शब्द कुठे बसतो ते दिसतं. आयएटीई हा युरोपीय संघाचा शब्दकोश आणि वस्तूंच्या नावांसाठी टीएमक्लास हीसुद्धा दोन्ही भाषांत आहेत. मी चाळीस शब्दांची यादी केली. शेवटी आम्ही निवडलेल्या दुभाषीबाईंनी त्यातले सहा दुरुस्त केले, अकरा वाढवले आणि मग वकिलांनी ती तपासली. दोन दिवसांचं काम होतं, पण सुनावणीत एकदाही शब्दावरून अडलं नाही.

शक्य असेल तर साक्षीदार आणि दुभाषा यांची अर्ध्या तासाची ओळखही करून द्या. खटल्यावर बोलायचं नाही, फक्त एकमेकांच्या बोलण्याचा वेग आणि उच्चार कानावर पडू द्यायचे. हे करण्याआधी वकिलाची परवानगी घ्या.

९. पैसे आणि करार

दर अर्ध्या किंवा पूर्ण दिवसाचा असतो, तासाचा क्वचितच. दरपत्रकात तयारीचा दिवस वेगळा दाखवायला सांगा. तो नसेल तर दुभाषा तयारी न करता येईल किंवा स्वतःच्या खिशातून करेल, आणि दोन्ही चुकीचं आहे. प्रवास, मुक्काम, सुनावणी पुढे ढकलली तर द्यायची रक्कम आणि ध्वनिमुद्रणाची परवानगी, हे चारही मुद्दे लेखी हवेत. स्पेनमध्ये सुनावणीचं चित्रीकरण होतं, हे आधी सांगा. दुभाषा एका देशातला आणि तुमची कंपनी दुसऱ्या देशातली असेल तर व्हॅट कोणी भरायचा, हे हिशेब खात्याकडून पहिल्या दिवशीच विचारून घ्या.

एजन्सीमार्फत जात असाल तर माणसाचं नाव करारात लिहून घ्या. एजन्सी परीक्षेला एक माणूस दाखवते आणि सुनावणीला दुसरा पाठवते, हा अनुभव मी घेतला आहे. न्यायालयीन दुभाषेपणासाठी २०१९ चं आयएसओ २०२२८ हे मानक आहे. त्यांचं काम त्यानुसार चालतं का, हे विचारलंत की उत्तरावरून बरंच कळतं.

दिवसभराची सुनावणी असेल तर दोन दुभाषे घ्या. एकाच वेळी ऐकत बोलण्याच्या कामात माणूस साधारण अर्ध्या तासाने थकतो, म्हणून दोघं आलटून पालटून करतात. खर्च दुप्पट होतो हे खरं. तरी दुपारी चारला थकलेल्या माणसाच्या तोंडून आपली साक्ष नोंदली जाण्यापेक्षा तो खर्च मी दर वेळी मागेन.

१०. सुनावणीचा दिवस

दुभाष्याला साक्षीदाराचा चेहरा दिसेल आणि आवाज नीट येईल अशी जागा मागा. पाणी, वही आणि शब्दसूचीची छापील प्रत जवळ हवी, कारण न्यायालयात लॅपटॉप उघडू देतील असं धरून चालू नका.

फिनिश माणूस उत्तर देण्याआधी थांबतो. तो विचार करत असतो, पण स्पॅनिश वकिलाला ते उत्तर टाळणं वाटतं आणि तो पुढचा प्रश्न टाकतो. मग दुभाष्याच्या डोक्यावर दोन प्रश्न आणि अर्धं उत्तर एकदम येतं. आपल्या वकिलाला हे आधी सांगून ठेवा, म्हणजे तो न्यायाधीशांना विनंती करू शकेल.

एखादा शब्द चुकला असं वाटलं तर त्याच वेळी सांगायचं असतं. त्यासाठी दोन्ही भाषा जाणणारा एक माणूस आपल्या वकिलाच्या मागे बसवा. तो कागदावर शब्द लिहून पुढे सरकवतो आणि वकील उठून दुरुस्ती मागतो. आमच्या वेळी असं दोनदा झालं, दोन्ही वेळा दुभाषीबाईंनी स्वतःच "बरोबर, दुरुस्त करते" म्हणून शब्द बदलला. संध्याकाळी हॉटेलवर बसून त्या दोन नोंदी शब्दसूचीत घातल्या आणि ती आवृत्ती वकिलांना पाठवली, कारण अपिलात तेच शब्द पुन्हा लागणार होते.